आधी संकट, की आधी सुटका?

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भोकर हे तालुक्याचे गाव. मराठवाडा इथे संपत येतो आणि तेलंगणाची हद्द जवळ येते. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, उर्दू आणि लमाणी कानावर पडते. या टापूत ख्रिस्ती माणसे फार थोडी. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात मिळून ती सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. आणि त्यांतली बहुतेक मुंबई, वसई, पुणे, नगर या बाजूची. नांदेड-लातूरकडे एखाद्या वस्तीवर चार-सहा घरे, घरातच भरणारी प्रार्थनासभा, आणि महिन्यातून कधीतरी बाहेरगावाहून येणारा पाळक, असेच चित्र बहुतांशी दिसते.

पण श्रद्धेचा सर्वांत अवघड हिशेब अशाच छोट्या सभांत मांडला जातो. प्रभू येशू पुन्हा येणार, यावर कुणाचे दुमत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. तो येण्याआधी विश्वासणाऱ्यांना वर उचलून घेतले जाईल, की मोठ्या संकटाचा काळ त्यांनाही भोगावा लागेल? ख्रिस्तविरोधी उभा राहील तेव्हा मंडळी पृथ्वीवर असेल का? हजार वर्षांचे राज्य यरुशलेमेत थाटले जाईल, की ते आजही चालूच आहे? पूर्वी हे प्रश्न उपदेशकाच्या तोंडून येत. आता मोबाइलवर हिंदी, तेलुगू, मराठी प्रवचने येतात, सात वर्षांचे रंगीत तक्ते येतात, आणि एकाच घरातल्या दोन भावांच्या मनात दोन वेगळे क्रम ठसतात.

बाहेरच्या माणसाला हा वाद रिकामटेकडा वाटेल. तसा तो नाही. शेवटाचा क्रम माणूस कसा मांडतो त्यावर तो आज काय उभारायला घेतो हे पुष्कळदा ठरते, आणि महाराष्ट्राच्या गेल्या दोनशे वर्षांत याचे ठसठशीत पुरावे आहेत. कुठे शाळा निघाली, कुठे तंबू ठोकून सुवार्ता सांगितली गेली, कुठे दुष्काळातल्या मुली गोळा केल्या गेल्या, यामागे इतर कारणांइतकाच हा क्रमही होता.

वादाचे मूळ पवित्र शास्त्रातल्या मोजक्या उताऱ्यांत आहे. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात लागोपाठच्या सहा वचनांत हजार वर्षांचा उल्लेख सहा वेळा येतो. सैतानाला बांधून अथांग खोलात टाकले जाते, ख्रिस्तासाठी मारले गेलेले जिवंत होऊन त्याच्याबरोबर राज्य करतात, मग सैतान थोडा वेळ सुटतो आणि अखेरचा न्याय होतो. इतक्या स्पष्टपणे ही हजार वर्षे बायबलात दुसरीकडे कुठेच नाहीत. ख्रिस्त आधी येईल आणि मग स्वतः हे राज्य स्थापील, असे एक मत. सुवार्तेने जग हळूहळू बदलत जाईल, तेच ते राज्य, आणि त्याच्या शेवटी ख्रिस्त येईल, असे दुसरे. हजार हा आकडा लाक्षणिक आहे, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापासून आजपर्यंतचा मंडळीचा काळ म्हणजेच ती हजार वर्षे, असे तिसरे. यात दानीएलाच्या नवव्या अध्यायातली सत्तर सप्तके, मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातली युद्धे नि भूकंप, आणि पौलाची थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन पत्रे मिसळली की क्रमांच्या शक्यता वाढतच जातात.

यांतले सर्वांत जुने लिखाण थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र. ते साधारण इसवी सन ५० च्या सुमाराचे, म्हणजे येशूच्या मृत्यूला पुरती पंचवीस वर्षेही झालेली नव्हती. तिथल्या नव्या मंडळीची अडचण तात्त्विक नव्हती. प्रभू लवकरच येणार म्हणून ते वाट पाहत होते आणि त्यांतलीच काही माणसे तेवढ्यात मरण पावली. आता प्रभू आला तर आपली मेलेली माणसे मागेच राहतील काय? पौल त्यांना क्रम सांगतो: मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत प्रभूला भेटायला घेतले जातील. म्हणून एकमेकांचे सांत्वन करा, एवढेच त्याचे सांगणे. आज ज्या वचनावरून आधी संकट की आधी सुटका हा वाद पेटतो, ते वचन मुळात शोक करणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. मराठी मंडळ्यांत दफनविधीच्या वेळी तेच वाचतात, आणि ते वाचण्याची खरी जागाही तीच आहे.

दुसऱ्या पत्रात सूर बदलतो. दिवस आलाच आहे असे कुणीतरी पसरवले होते. त्याआधी मोठा धर्मत्याग झाला पाहिजे आणि अधर्माचा पुरुष प्रकट झाला पाहिजे, असे तिथे बजावलेले आहे. शेवट जवळ आला म्हणून कामधंदा सोडून बसलेल्यांना तेच पत्र खडसावते: काम करायची तयारी नसेल तर खाऊही नये. क्रमाचा परिणाम रोजच्या भाकरीपर्यंत कसा पोचतो, हे पहिल्या शतकातच दिसून आले होते.

पुढच्या तीनशे वर्षांत चर्चच्या मोठ्या आचार्यांतही एकमत नव्हते. पापियास आणि इरेनेयस पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्यावर ठाम होते. ओरिजेनला ही अपेक्षा फारच देहनिष्ठ वाटली. ऑगस्टीन तरुणपणी पहिल्या मताचा होता, पण पाचव्या शतकात ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात त्याने हजार वर्षांचा अर्थ मंडळीच्या चालू काळाला लावला, आणि पश्चिमेकडच्या चर्चने पुढे हजारभर वर्षे बहुतांशी तेच धरले.

पण या सगळ्यांत दुसऱ्या शतकातल्या जस्टिनची साक्ष मोलाची आहे. त्रिफो नावाच्या यहुदी माणसाशी झालेल्या संवादाच्या रूपात त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याला थेट प्रश्न येतो: यरुशलेम पुन्हा बांधले जाईल आणि तुम्ही तिथे राहाल, असे खरेच मानता का? जस्टिन होय म्हणतो. आणि लगेच पुढे मान्य करतो की शुद्ध व भक्तिमान श्रद्धेचे पुष्कळ ख्रिस्ती वेगळे मानतात. ज्याने स्वतःच्या श्रद्धेसाठी रोममध्ये प्राण दिले, त्याने क्रमाच्या मतभेदावरून कुणाला मंडळीबाहेर काढले नाही. आज एखाद्या उपदेशकाने ‘आधी सुटका’ न मानणाऱ्याला अविश्वासी ठरवले, तर त्याने हा संवाद एकदा वाचावा.

आता महाराष्ट्राकडे यावे. १७९३ साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा पाळक सॅम्युएल हॉपकिन्स याने हजार वर्षांच्या राज्यावर एक प्रबंध छापला आणि तो त्या काळात जन्माला येणार असलेल्या माणसांना अर्पण केला. त्याच्या कल्पनेतल्या त्या युगात शेती सुधारलेली आहे, यंत्रे चांगली आहेत, माणसाला दिवसातून थोडेच तास राबावे लागते, आणि ज्ञान सर्वांना खुले आहे. जग सुधारत सुधारत तिथे पोचेल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल, हा त्याचा क्रम. याच आशावादाच्या हवेत १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था निघाली, आणि तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले. त्यांच्यापाठोपाठ आलेल्या सॅम्युएल न्यूएलसह हॉलने जगाच्या परिवर्तनावर एक पुस्तक लिहिले, ते १८१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जगातल्या ६० कोटी अख्रिस्ती लोकांपर्यंत पोचायला किती माणसे आणि किती पैसा लागेल, याचा हिशेब त्यात मांडलेला आहे. शेवट माणसांच्या कामातून जवळ येतो असे मानले की असा हिशेब मांडायचे धैर्य येते. हॉल स्वतः १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने गेला. त्याच्या कामाला पुरती चौदा वर्षेही मिळाली नाहीत.

त्या मिशनने शाळांवर भर दिला, कारण राज्य हळूहळू येणार तर शिक्षण हा त्याचा मार्गच होता. १८२७ साली आलेल्या सिंथिया फॅरार यांनी आधी मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या होत्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे त्या पाहण्याचा वाटा होता. हॉपकिन्सच्या प्रबंधापासून पुण्याच्या शाळेपर्यंत सरळ रेघ ओढणे चूक ठरेल. फुल्यांचे कार्य त्यांच्या स्वतःच्या विचारातून, इथल्या अन्यायाच्या अनुभवातून उभे राहिले. पण फॅरारबाई नगरला का आल्या, त्यांना पैसे देणाऱ्या दूरच्या गावांतल्या मंडळ्यांना कशाची आशा होती, हे विचारले तर शेवटाचा तो क्रम समोर येतोच.

मराठवाड्यातही त्याच पिढीची एक खूण आहे. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून त्यांनी निजामाच्या राज्यात जालना हे केंद्र केले, आणि तिथून जवळच बेथेल नावाचे गाव वसवले. त्यासाठी जमीन निजामाच्या सरकारकडून मिळाली. देऊळ, शाळा, शेती, विहिरी असलेले ते गाव मुख्यतः मातंग-महार समाजांतून आलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी होते. गाव वसवणारा माणूस पुढच्या पिढ्या गृहीत धरतो. विहीर खणताना, झाडे लावताना उद्याच सगळे संपणार आहे असा हिशेब चालत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वारे फिरले. आयर्लंडमधल्या पॉवर्सकोर्ट या वाड्यात १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला भविष्यवाण्यांच्या अभ्यासासाठी परिषदा भरल्या. तिथे वावरणारा जॉन नेल्सन डार्बी शिक्षणाने वकील, मग अँग्लिकन पाळक, मग प्लिमथ ब्रदरन या नव्या चळवळीचा म्होरक्या. त्याने इस्राएल आणि मंडळी यांची कामे वेगळी केली आणि एक नवा क्रम मांडला: मंडळी आधी उचलली जाईल, मग सात वर्षांचे संकट, मग ख्रिस्ताचे उघड येणे, मग हजार वर्षे. दानीएलाची एकोणसत्तर सप्तके झाली, सत्तरावे अजून यायचे आहे, असा त्याचा हिशेब. अमेरिकेत सायरस स्कोफील्डने १९०९ मध्ये टिपांसह बायबल छापले, तेव्हा हा क्रम वचनांच्याच पानावर, तळाशी, बारीक टाइपात येऊन बसला. वाचणाऱ्याला शास्त्र कुठे संपते आणि टीप कुठे सुरू होते हे विसरायला वेळ लागला नाही. आजचे मोबाइलवरचे तक्ते बहुतांशी याच टिपांचे वंशज आहेत. ख्रिस्ती इतिहासाच्या मानाने हा क्रम वयाने लहान आहे, दोनशे वर्षांचासुद्धा नाही. एवढ्याने तो खोटा ठरत नाही. पण तो प्रेषितांपासून सगळेच मानत आले, असे सांगणेही खरे नाही.

खुद्द ब्रदरनमध्येही तो सर्वमान्य नव्हता. प्लिमथचा बेंजामिन न्यूटन मंडळी संकटातून जाणार असे शिकवी, आणि १८४५ पासून तिथली मंडळी फुटली. फुटीची कारणे अनेक, त्यांत हेही एक होते. ब्रिस्टलचा जॉर्ज म्युलर हाही ‘कोणत्याही क्षणी’ या मताचा नव्हता; आधी काही घटना घडल्या पाहिजेत असे तो मानी. त्याने अनाथाश्रमांत हजारो मुले वाढवली, आणि त्यासाठी कुणाकडे हात पसरला नाही. हे नाव पुढे पंडिता रमाबाईंच्या केडगावला पुन्हा भेटते.

वऱ्हाडात नव्या क्रमाचे मिशन प्रत्यक्ष आले. न्यूयॉर्कचा ए. बी. सिम्पसन येशूला तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा अशा चार नावांनी सांगे. सर्व राष्ट्रांना सुवार्ता सांगून झाली की मग शेवट होईल, हे मत्तयातले वचन त्याच्या मिशनचा कणा होते. त्याच्या अलायन्स या मिशनरी संस्थेने १८९० च्या दशकात अकोला, अमरावती, खामगाव, बुलढाणा या मराठी मुलखात ठाणी उभारली. घाई या कामाच्या मुळातच होती. महाविद्यालये काढून पन्नास वर्षे थांबायला इथे वेळ नव्हता. थंडीच्या दिवसांत बैलगाडीत तंबू टाकायचा आणि खेड्याखेड्यांतून सांगत जायचे. याच्या उलट टोकाला मुंबईचे विल्सन कॉलेज आणि नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ठेवून पाहिले की दोन क्रमांतला फरक नकाशावर दिसतो.

पण नकाशा एवढाच सरळ असता तर लिहिण्यासारखे फार उरले नसते. अलायन्सच्या जेनी फुलर यांचेच उदाहरण पाहावे. ‘प्रभू लवकर येतो’ या मिशनच्या त्या कार्यकर्त्या, आणि १९०० मध्ये त्यांचे भारतीय स्त्रियांवरच्या अन्यायांविषयीचे पुस्तक निघाले. त्यात बालविवाह आहे, विधवांचे हाल आहेत, खंडोबाला सोडलेल्या मुरळ्या आहेत. पुस्तकाला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. जग लवकरच संपणार असे मानणारी बाई त्या जगातल्या कायद्यांबद्दल आणि चालीरीतींबद्दल इतक्या पोटतिडकीने का लिहिते? तक्त्यावरचा क्रम आणि डोळ्यांसमोरची मुरळी यांत जेनीबाईंनी मुरळीकडे पाठ फिरवली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अलायन्सनेही अनाथ मुलांना आसरा दिला. उपाशी पोर दारात आले की ‘राज्य आधी’ मानणारे आणि ‘येणे आधी’ मानणारे दोघेही पिठाच्या डब्याकडेच वळले.

पुण्यात आणखी एक क्रम नांदतो. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानीएलातल्या २३०० दिवसांची वर्षे करून हिशेब केला आणि त्याचे अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ रोजी आकाशाकडे डोळे लावून बसले. काही घडले नाही. त्या भंगलेल्या आशेतून सातव्या दिवसाचे अ‍ॅडव्हेंटिस्ट उभे राहिले. त्यांच्या मते त्या दिवशी स्वर्गातल्या पवित्रस्थानी न्यायाचे काम सुरू झाले, आणि हजार वर्षे संतगण स्वर्गात असतील, पृथ्वी ओसाड पडलेली असेल. आकड्यावर भरवसा ठेवून पोळलेल्या या लोकांनी पुढे तारीख सांगणे सोडले आणि इस्पितळे व शाळा काढल्या. पुण्याचे स्पायसर विद्यापीठ त्यांचेच. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेली ही संस्था १९४० च्या दशकात पुण्याला आली.

हजाराच्या आकड्याने दख्खन याआधीही हलले होते, आणि ते ख्रिस्ती लोकांमुळे नव्हे. हिजरी सन १००० जवळ येत असताना अहमदनगरच्या निजामशाहीत जमालखान या सरदाराने सत्ता हाती घेतली आणि शेवटच्या काळी येणारा महदी येऊन गेला असे मानणारा महदवी पंथ राज्याचा धर्म केला. १५९१ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहणखेडच्या लढाईत तो पडला आणि ते प्रकरण मिटले. नांदेडच्या मुसलमान शेजाऱ्यांच्याही श्रद्धेत महदी आहे, ख्रिस्तविरोध्यासारखा दज्जाल आहे, आणि ईसाचे, म्हणजे येशूचे, पुन्हा उतरणे आहे. या भागातल्या ख्रिस्ती माणसाला हे ठाऊक असणे बरे, कारण त्याची आशा शेजाऱ्याला वाटते तितकी परकी नाही.

क्रमाचा वाद सर्वांत जास्त पेटतो तो संकटाच्या दिवसांत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडाले होते, माणसे गाढ झोपेत होती, आणि दगडांच्या जाड भिंती व मातीची माळवदे अंगावर आली. लातूर-उस्मानाबादच्या बावन्न गावांत सुमारे दहा हजार जीव गेले. इतक्या जुन्या, स्थिर समजल्या जाणाऱ्या खडकाच्या पठारावर असा धक्का बसावा याचे भूशास्त्रज्ञांनाही आश्चर्य वाटले. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात दुष्काळ आणि भूकंप आहेत, त्यामुळे शेवटाच्या खुणा मोजणाऱ्यांच्या यादीत लातूर जाऊन बसणे ओघानेच आले. कुणी म्हणतो, त्या अध्यायातले बरेचसे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम उद्ध्वस्त केले तेव्हाच घडून गेले. कुणी ते सगळे पुढच्या सात वर्षांवर टाकतो. कुणाच्या मते प्रत्येक युगाचेच ते वर्णन आहे. या तिन्ही वाचनांना आधार आहेत. पण तिन्हींना बांधणारी एक गोष्ट त्याच अध्यायात आहे: येशू घाबरू नका असे सांगतो, आणि हा वेदनांचा केवळ आरंभ आहे असे म्हणतो. ढिगाऱ्यातून लेकरू उपसणाऱ्या बापाला हा भूकंप म्हणजे अमुक क्रमातली तमुक पायरी, असे सांगणे क्रूरपणा आहे. असे सांगणाऱ्याने तो अध्याय अर्ध्यावरच सोडलेला असतो.

दुसरी अलीकडची घटना आधार कार्डाची. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात श्वापदाची खूण आहे. ती हातावर किंवा कपाळावर नसेल त्याला खरेदी-विक्री करता येत नाही, आणि तिची संख्या ६६६. मिझोराममध्ये काही ख्रिस्ती कुटुंबांनी याच कारणाने आधार नाकारले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारच्या खटल्याची सुनावणी चालू असताना मुंबईच्या एका ख्रिस्ती अर्जदाराच्या वतीनेही प्रकटीकरणाचा दाखला देऊन सद्सद्विवेकाचा मुद्दा मांडला गेला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार बहुमताने टिकले. या भीतीकडे बारकाईने पाहिले तर क्रमाचे महत्त्व कळते. मंडळी संकटाआधीच उचलली जाणार असे जो मानतो, त्याला श्वापदाच्या खुणेची भीती वाटायचे कारणच नाही; ती येईल तेव्हा तो इथे नसेल. संकटातून जावे लागणार असे मानणाऱ्यालाच प्रत्येक नव्या आकड्याकडे सावधपणे पाहावे लागते. पण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आधी सुटका शिकवणारी मंडळीच लस, चिप, बारकोड यांनी घाबरून गेलेली दिसते. दोन वेगळ्या परंपरांचे तुकडे कानावर पडतात आणि ते जुळत नाहीत हे सांगणारा कुणी नसतो. या भीतीपायी रेशन, पेन्शन किंवा लस चुकली तर नुकसान गरिबाचे होते, म्हणून हे समजावून सांगणे पाळकाचे कर्तव्य आहे.

चर्चच्या संस्थांनी हा प्रश्न कसा हाताळला, तेही पाहण्याजोगे आहे. नांदेड-लातूरचे कॅथलिक १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. रोमने १९४४ मध्ये स्पष्ट केले की ख्रिस्त न्यायाआधी पृथ्वीवर दृश्य रूपाने राज्य करायला येईल, हे मत सौम्य स्वरूपातही निर्धास्तपणे शिकवता येणार नाही. प्रॉटेस्टंटांनी दुसरी वाट धरली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, बिशप हवा की नको, यांवर तिथे वर्षानुवर्षे वाटाघाटी झाल्या होत्या. श्रद्धेचा पाया म्हणून त्यांनी प्राचीन मतांगीकार स्वीकारले. निकेयाचा मतांगीकार एवढेच म्हणतो की तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला गौरवाने पुन्हा येईल आणि त्याच्या राज्याला अंत नसेल. त्यात सात वर्षे नाहीत, हजार वर्षे नाहीत. चौथ्या शतकातल्या बिशपांना हे वाद माहीत होते, तरी क्रम मोकळा सोडण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते.

या सगळ्या वाटा जिथे एकमेकींत मिसळतात ते ठिकाण म्हणजे केडगाव. पंडिता रमाबाईंनी म्युलरचे चरित्र वाचले, हडसन टेलरच्या चीनमधल्या कामाविषयी वाचले, आणि पैशासाठी माणसांपुढे न जाता प्रार्थनेवर संस्था चालवायची हा निश्चय केला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, १९०० मध्ये गुजरातेतून. केडगावच्या त्यांच्या मुक्ती या संस्थेची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ च्या जूनअखेरीस तिथल्या मुलींमध्ये मोठे प्रार्थनाजागरण सुरू झाले. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका १९०६ मध्ये निघाली. हे जागरण म्हणजे शेवटच्या काळात देव पाडणारा पाऊस, प्रभूच्या येण्याआधीची तयारी, अशी त्यांची खात्री होती. पुस्तिकेची एक प्रत चिलीतल्या वाल्परायसोला एब्रम्सबाईंच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे पोचली, आणि १९०९ मध्ये तिथे जी चळवळ उठली तिच्यातून चिलीचे पेन्टेकॉस्टल चर्च जन्मले. केडगावच्या अनाथ मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेली, ही गोष्ट मराठी माणसांना फारशी माहीत नाही, याची खंत वाटते.

येशू लवकर येणार ही आशा मुक्तीच्या हवेतच होती. त्याच आवारात तेलघाणा होता, विणकाम होते, गोठा होता, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले जात होते, आणि छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या. हॉपकिन्सचा शिष्य इथे आला असता तर त्याला वाटले असते की राज्य असेच येते. डार्बीचा शिष्य आला असता तर त्याला प्रार्थनेतली तातडी ओळखीची वाटली असती. रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, मुलींची शाळा उभी केली.

रमाबाईंनी या काळात हाती घेतलेले मुख्य काम मात्र घाईचे नव्हतेच. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणायचे होते, आणि ते इंग्रजीवरून नव्हे, तर हिब्रू व ग्रीक मुळावरून. त्यासाठी वय उलटल्यावर त्या दोन्ही भाषा शिकल्या. कानाने ऐकू येईना, तरी भाषांतर चालू ठेवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी थांबल्या नाहीत. जवळजवळ दीड तप हे काम चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून, सबंध मराठी बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले.